सीधं लावा

टिट

फौजदार साबळेंनी ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं अंबरीननं. ताडपत्री सरकली आणि ठाण्यामागच्या बोरीच्या सावलीत पांढरी गाडी उघडी पडली.

अंबरीन विमा कंपनीची सर्व्हेयर. चेपलेल्या, उलटलेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या आणि त्या कशा मोडल्या ते सांगायचं, हे तिचं काम. गाड्या खरं बोलतात असं तिचं म्हणणं नव्हतं. गाड्या कमी बोलतात, एवढंच.

डावा दिवा फुटलेला. समोरच्या काचेला डाव्या बाजूनं कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. बंपरवर सायकलचा हिरवा रंग. सायकल पिंपळगावचे शेतकरी बद्रीनाथ यांची. काल शुक्रवारी दुपारी पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यावर ही गाडी त्यांना मागून लागली. भोकरदनला आणता आणता ते गेले. गाडी जागेवरच सापडली. दार उघडं, चावी आत, चालवणारा पसार.

"सगळं सरळ आहे मॅडम," साबळे म्हणाले. "गाडी हरिओम शेठची, बियाण्याच्या दुकानवाल्यांची. पण परवापासून होती महेमूदच्या ताब्यात. सीटकव्हर, हॉर्न, स्पीकर बसवतो तो. टेस्ट मारायला काढली, माणूस उडवला, पळाला. सांजेपर्यंत तुमचा अहवाल द्या. मंग त्याला अटक दाखवतो अन् उद्या कोर्टात उभा करतो."

"कालपासून कोणी हात लावलाय गाडीला?"

"जागेवर ताडपत्री टाकली, तशीच ओढून आणली. आज तुम्हीच पहिल्या."

अंबरीन चालकाच्या जागी बसायला गेली आणि गुडघे स्टेअरिंगखाली अडकले. ती उंच होती, घरात तिला ऊंटनी म्हणत. पण हे उंचीचं नव्हतं. सीट पुढं ओढून ओढून शेवटच्या खाचेत बसवलेली होती.

मग तिला काचेवरच्या खुणा दिसल्या. उजव्या कोपऱ्यात, दाराच्या खांबाला लागून, धुळीत दोन स्वच्छ गोल. रबरी चकत्या चिकटवून उपटल्यावर उमटतात तसे. खांबाच्या पट्टीतून एक बारीक काळी वायर लोंबत होती. टोक तुटलेलं.

"इथं काय होतं?" साबळेंनी वाकून पाहिलं.

"रडार डिटेक्टर. पुढं रस्त्यावर वेग मोजायची बंदूक लावून पोलीस उभे असले, की हा आधीच ओरडतो."

"म्हंजे आमच्या नावानं बोंबलणारं यंत्र!" साबळे हसले. "महेमूदनंच बसवलं असणार. अन् गेलं कुठं?"

अंबरीन हसली नाही. माणूस उडवून पळणारा थांबत नाही. हा थांबला होता. रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी नाही. काचेवरची एक डबी उपटायला.

टिट टिट

"काच पुसून घ्यायची. तेल, धूळ, स्टिकरचा चिकटा, काही राह्यला न्हाई पाहिजे."

महेमूद ठाण्याच्या बाकावर होता. बसलेला असूनही शेजारी उभ्या शिपायाच्या खांद्याला लागत होता. अंबरीननं त्याला एवढंच विचारलं होतं, की कसं बसवलं ते दाखवा. त्यानं ठाण्याच्या भिंतीलाच गाडीची काच मानली आणि खरोखर बाहीनं पुसून घेतली.

"मंग चकत्यांना जरा पाणी. मंग दाबायचं." त्यानं तळहात भिंतीवर दाबला. "मंग खांबाची पट्टी उचकायची, वायर आतून खाली न्यायची, फ्यूजच्या डब्यात जोडायची. वायर दिसली तर कारागीर कसला?"

"कुठं लावायचं ते कोणी सांगितलं?"

"हरिओम शेठनं. दुकानात आल्ते. बोलले, सीधं लावा. मी सीध्या बाजूला लावलं. जसं बोलले तसं, बिलकुल."

"चालवून बघितलं?"

"चालवायचं काय काम? चालू केलं, दिवा लागला, बस. खुळी चीज हाये ती, बेटा. लांब काही असलं की एक टिट करते. जवळ आलं की टिटटिटटिट. पोलिसाच्या बंदुकीवर ओरडते, संभाजीनगरच्या मॉलमधल्या आपोआप उघडणाऱ्या दारावर ओरडते, मोठ्या नव्या गाड्यांना मागून रडार असतंय त्याच्यावर भी ओरडते. तिला काय ठावं पोलीस कोण अन् दार कोण. मी शेठला बोललो भी, कशाला डोक्याला ताप? तर म्हणले, समृद्धीवर सारखे चलान येऊन राह्यले."

"आणि गाडी?"

महेमूदनं मोबाइल पुढं केला. काल दुपारी त्यानं हरिओमला पाठवलेला आवाजी निरोप. घाईतला, मागं रस्त्याचा गोंगाट:

*हरिओमभाई, काम हो गया. आप बोले वैसा सीदे बाजू कूच लगाया. चाबी चाक पे रखा हूँ. मैं जुम्मे कू जा रहा.*

चावी चाकावर, मडगार्डच्या आत. गाड्यांचं काम करणाऱ्या सगळ्यांची हीच रीत. मालक येतो, वाकतो, घेऊन जातो.

"परत आलो तर गाडी न्हाई. म्हणलं, शेठ घेऊन गेले."

"नमाजनंतर कुठं गेलात?"

"हसनाबादला. दर जुम्म्याला अम्मीच्या कबरीवर जातो."

"कोणी पाहिलं?"

महेमूद पहिल्यांदा हसला. "कब्रस्तान हाये, बेटा. तिथं सगळे आपलेच असतेत, पण गवाही कोण देणार?"

मग हसू ओसरलं. त्यानं आवाज खाली घेतला आणि घरच्या बोलीत घसरला. "बेटा, मेरे कू ये लोग अंदर डाले तो बाहर मैं कौनसा मुँह लेके आऊँगा? भोकरदन में सब की गाडी की चाबी मेरे पास रहती."

टिट टिट टिट

बद्रीनाथ यांच्या बायको नंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात बायका भरलेल्या. अंबरीन दारातच खाली बसली.

"मी बघितलं न्हाई माय," नंदाबाई म्हणाल्या. "कापूस वेचत होते. मधी माणसाएवढे तुरीचे पाटे. नुसतं ऐकलं."

"ऐकलेलंच सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. एकेक आवाज, मधे थांबत.

आधी सायकलची घंटी. हे पाणी घेऊन यायचे. लांबूनच वाजवायचे, म्हंजे मी बांधावर यावं.

मंग एक गाडी गेली. सुंईकन. रस्त्याला लागूनच शेत, हे रोजचंच.

मंग दुसरी. तिच्यात काहीतरी ओरडत होतं. टिटटिटटिट.

मंग धाड.

मंग काहीच न्हाई.

"ते ओरडणं?"

"ते बी गप." नंदाबाईंनी कपाळाला आठी घातली. "पण मंग परत सुरू झालं. धडकलेली गाडी तर उभीच होती ना? तरी ओरडायला लागली. आधी हळू. मंग जोरात. मंग लईच जोरात. अन् गळा दाबल्यावानी एकदम बंद."

"आणि नंतर?"

"दार आपटलं. एकदा. परत एकदा."

"दोनदा?"

"दोनदा. मी तवर नाल्यात उतरले होते. मधी नाला हाय ना, वळसा घालून यावं लागतं. वर आले तर गाडीचं दार उघडं अन् माणूस न्हाई."

अंबरीनला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. विचारला. "त्यांना शुद्ध होती?"

"चांगली होती. पाणी मागितलं. पाण्याची क्यान फुटून सगळं डांबरावर सांडलं होतं. पदर त्याच्यात बुडवला अन् तोंडात पिळला." नंदाबाईंचा आवाज हलला नाही. बाजूच्या बाईनं तोंडावर पदर घेतला. "घाबरू नको म्हणाले मला. टेम्पो मिळायलाच लई वखत गेला. भोकरदन दिसाया लागलं अन् गेले."

उठताना त्यांनी अंबरीनचं मनगट धरलं.

"चुकून लागली असंल गाडी. लागती. पण पळायचं होतं तर ह्यांना संग घेऊन का न्हाई पळाले?"

अंबरीन बाहेर आली. नंदाबाई एका माणसाबद्दल बोलत नव्हत्या. *पळाले*, त्या म्हणाल्या होत्या.

टिट टिट टिट टिट

हरिओमच्या दुकानासमोर नवी काळी गाडी उभी होती. बोनेटवर झेंडूचा हार सुकत चाललेला, पुढच्या नंबरप्लेटखाली लिंबू-मिरची.

"या मॅडम, बसा. अर्पिता, पाणी दे गं." हरिओम तिशीचा, उंचापुरा, बोलका, हाताला लाल धागा.

अर्पिता त्याची बायको. काउंटरमागं स्टुलावर चढून ती वरच्या फळीवरचं पाकीट काढत होती.

"आमच्या मॅडमला दुसऱ्या फळीलाच शिडी लागती," हरिओम म्हणाला.

"मग फळ्या खाली लावा की," ती म्हणाली आणि उतरली.

हरिओमचं सांगणं सुटसुटीत होतं. काल तो सकाळपासून जालन्याला बाजारात होता, नवी गाडी घेऊन. ड्रायव्हर बबलू पिकअपमध्ये पोती भरून हसनाबादला गेलेला. महेमूदचा निरोप सांजेला ऐकला. बाजाराच्या गोंगाटात कुठं ऐकू येतंय?

"गाडी पाहिलीत धडकेनंतर?"

"न्हाई हो. मन होत न्हाई."

"ते रडार नव्या गाडीला का नाही लावलं?"

"हिची वायर कापली की वॉरंटी गेली. अन् लांबच्या रस्त्याला मी जुनीच पळवतो." तो अभिमानानं बाहेर बघू लागला. "हिला कंपनीचंच रडार हाय, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत. बाजूनं कोणी घुसलं की आरशात दिवा लागतो. भोकरदनात पहिली हाय आपली."

अर्पितानं पाण्याचा ग्लास ठेवला. जाता जाता विचारलं, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"कोणाच्या?" हरिओम.

"बद्रीनाथ काकांच्या."

"तुला काय करायचंय? आत जा, दूध उतू चाललं असंल."

ती आत गेली. दूध तापवत ठेवल्याचा वास काही येत नव्हता.

अंबरीन तिथून हसनाबादला गेली. कब्रस्तानात एका कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या होत्या, कडा काळ्या पडू लागलेल्या. कालच्या असाव्यात. पण पाकळ्यांवर कोणी नाव लिहीत नाही.

तेवढ्यात साबळेंचा फोन आला.

"मॅडम, परत या. एकानं कबूल केलं."

टिटटिटटिटटिट

बबलू. पोट बेल्टवरून खाली आलेलं, गळ्यात मफलर. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा.

"गाडी कुठून घेतलीस?"

"महेमूदभाईच्या दुकानासमोरून."

"चावी?"

"चाकावर होती."

"कुठं निघाला होतास?"

"रेणुकाईला. दर्शनाला. हसनाबादचा माल लवकर उतरला."

"सीट पुढं-मागं केली?"

"न्हाई. जशी होती तशी."

अंबरीननं त्याच्या पोटाकडं पाहिलं. साबळेंनीही पाहिलं. त्या सीटवर हा बसला असता, तर हॉर्न थांबलाच नसता.

"रडार होतं गाडीत?"

हा प्रश्न त्याला कोणी पढवला नव्हता. तो अडला. मग सुटकेचा श्वास सोडला, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

"होतं की. मधी. आरशाच्या खाली."

"पाहिलंस?"

"समोरच तर होतं. लाल दिवा लागायचा. शेठ मला आधीच बोलले होते, मधी पाहिजे, सीधं समोर. अन् माझ्यासमोरच महेमूदभाईला सांगितलं, सीधं लावा."

"बबलू," अंबरीन म्हणाली, "तू त्या गाडीत बसलाच नाहीस."

त्यानं मफलरची गाठ सोडली. मग अगदी हळू म्हणाला, "राहू द्या ना मॅडम. मला काय फरक पडतोय? शेठ म्हणले, लगेच जमानत होती."

साबळेंनी टेबलावर थाप मारली. "झालं! हा न्हाई, म्हंजे परत महेमूदच. मॅडम, दिवस कलला. अहवाल द्या."

अंबरीनला ते ऐकूच आलं नसावं.

"सीधं," ती पुटपुटली. पुन्हा एकदा म्हणाली, वेगळ्या सुरात. आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

टीईईईईईईईईईईई

हरिओमच्या घरात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, चौघं. साबळे दाराजवळच्या खुर्चीत. अर्पिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"बबलूचं ऐकलं मी," हरिओम म्हणाला. "माझाच माणूस असा निघावा! जमानतीचं बघू, शेवटी आपला माणूस हाय."

"बबलूचं सोडा. मी महेमूदभाईंसाठी आलेय. त्यांचं काम मात्र चोख होतं. तुम्ही सांगितलं तसंच त्यांनी ते रडार बसवलं."

"तसंच?" हरिओम उसळला. "सीधं लाव म्हणलं तर उजव्या कोपऱ्यात नेऊन ठोकलं त्यानं! ज्याला सीधं म्हंजे काय ते कळत न्हाई, त्याच्या बाजूनं बोलून राह्यल्या तुम्ही?"

साबळे खुर्चीत पुढं झुकले.

"कधी पाहिलंत?" अंबरीननं विचारलं.

"काय?"

"उजव्या कोपऱ्यात. महेमूदभाईंनी ते काल बसवलं. धडक झाली तिथंच ते कोणीतरी उपटलं. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली आहे आणि तुम्ही ती बघितलेली नाही. मग कधी पाहिलंत?"

"त्यानंच कळवलं. निरोपात."

अंबरीननं महेमूदच्या मोबाइलवरचा निरोप लावला. *आप बोले वैसा सीदे बाजू कूच लगाया.*

"यात उजवा कोपरा कुठं आहे?"

"तुमच्यात सीधा म्हंजे उजवा. मला काय म्हाईत न्हाई का?"

"माझ्या घरात म्हणतात. सीदे हाथ से खाओ, असं अम्मी सांगायची. सीधा हात म्हणजे उजवा हात. महेमूदभाईंच्याही घरात तेच. पण तुम्हाला ते तेव्हा सुचलं असतं, तर मधे लावायचं सांगताना तुम्ही 'सीधं लावा' म्हणाला नसतात. तुम्ही सीधं म्हणालात, म्हणजे समोर. त्यांनी ऐकलं उजवीकडं. त्यांनी परत सीधं म्हणून कळवलं, तुम्ही ऐकलं समोर. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ही चूक त्या शब्दात लपून बसली होती. नुसतं कानानं ऐकणाऱ्याला ती कधीच कळली नसती. बबलूला कळली नाही. तो अजून मधेच म्हणतोय. महेमूदभाईंनाही माहीत नाही की चूक झाली. ती कळली फक्त काच डोळ्यांनी पाहणाऱ्याला."

हरिओमनं साबळेंकडं पाहिलं. "साहेब, एका शब्दावरून?"

"एका नाही," अंबरीन म्हणाली. "नंदाबाईंनी पहिल्यांदा एक गाडी ऐकली, मग ओरडणारी दुसरी. पिंपळगावच्या रस्त्यावर काल पोलीस होते, साबळे साहेब?"

"काल सगळे आम्ही मोर्च्याच्या बंदोबस्ताला."

"मग ते यंत्र कशावर ओरडलं? पुढं जाणाऱ्या गाडीवर. अशा गाडीवर, जिला मागच्या कोपऱ्यांत रडार आहे. मागची गाडी जवळ आली तशी ते एकदम किंचाळलं. चालवणाऱ्यानं दचकून आवाजाकडं पाहिलं. उजवीकडं. सायकल डावीकडं होती."

उंबऱ्यातून एक बारीक आवाज आला. श्वासाइतकाच.

"धडकेनंतर यंत्र गप झालं. पुढची गाडी तशीच दूर गेली होती. मग ते पुन्हा ओरडायला लागलं. हळू, जोरात, खूप जोरात. उभ्या गाडीत. म्हणजे गेलेली गाडी परत येत होती. उलटी, मागं मागं, पाठ यंत्राकडं करून. तुम्ही उतरलात. यंत्र उपटलंत, कारण अशी चीज गाडीत सापडली तर विम्याला अडचण येईल असं वाटलं. मग दोन दारं आपटली. धडकलेल्या गाडीचं दार तर उघडंच राहिलं होतं. ती दोन दारं दुसऱ्या गाडीची. एक चालवणाऱ्याचं, एक शेजारी बसणाऱ्याचं."

"मी जालन्याला होतो."

"भोकरदनात त्या गाडीसारखी दुसरी नाही, हे तुम्हीच सांगितलं. आणि धडकलेल्या गाडीची सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढं आहे. महेमूदभाई तिथं मावत नाहीत. बबलू मावत नाही. मी मावले नाही. तुम्हीही मावणार नाही."

हरिओम आता अर्पितासमोर उभा होता. तिला झाकायला की अडवायला, ते सांगता आलं नसतं.

"तिच्याकडं नुसतं शिकाऊ लायसन हाय," तो म्हणाला. आवाजातला सगळा माज गेला होता. "दर्शनाला निघालो होतो. म्हणलं, रस्ता मोकळा हाय, तू जुनी घेऊन मागं मागं ये. मॅडम, झालं ते झालं. माणूस तर जागेवरच गेला होता. कोणी थांबलं असतं तरी काय…"

"जागेवर?" अंबरीन म्हणाली.

तिनं अर्पिताकडं पाहिलं, हरिओमच्या खांद्यावरून.

"ते बोलत होते, अर्पिता. नंदाबाई पोहोचल्या तेव्हा त्यांना पूर्ण शुद्ध होती. पाणी मागितलं त्यांनी. टेम्पो मिळेपर्यंत रस्त्यावर पडून होते. भोकरदनच्या तोंडाशी गेले."

हरिओम गर्रकन वळला. "ऐकू नको. हे लोक असंच बोलतेत, तुला बोलतं करायला."

अर्पितानं गॅस बंद केला. ओढणी नीट केली.

"सरका," ती म्हणाली.

"अर्पिता, मी तुझ्यासाठी केलं. तू आत गेलीस तर…"

"महेमूदभाई आत आहेत. आता बबलूभाऊ आहेत. अजून किती जणांना पाठवणार माझ्या जागी? सरका तुम्ही."

तो सरकला नाही. साबळे खुर्चीतून उठले. तेव्हा सरकला.

खाली काळी गाडी उभी होती. अर्पिता तिच्या बाजूनं, तिला अंग लागू न देता, पुढं गेली आणि अंबरीनच्या स्कूटीवर मागं बसली.

.

ठाण्यात दिवे लागले होते. साबळेंनी महेमूदला मोबाइल परत दिला. "जा. घरी जा. गरज पडली तर बोलावू."

महेमूद उठला, पण गेला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. बाहेर जीपमध्ये हरिओम बसून होता. त्यानं एकदा आत पाहिलं, मग पाहिलं नाही. बबलू बाकावर मफलरच्या गाठी मारत, सोडत होता.

अर्पितासमोर कागद आला.

"मी सांगते, तुम्ही लिहा," ती म्हणाली आणि कागद साबळेंकडं सरकवला.

साबळेंनी पेन घेतलं.

"गाडी मी चालवत होते. महेमूदभाई नव्हते, बबलूभाऊ नव्हते. चावी मीच चाकावरून घेतली. ते यंत्र एकदम ओरडलं आणि मी तिकडं बघितलं. सायकल दिसलीच नाही. नंतर हे परत आले. खाली उतरून काकांना बघून आले आणि म्हणाले, गेलाय तो, चल. मी यांच्या गाडीत बसले."

साबळेंचं पेन चालत होतं. अंबरीनच्या मनात अहवालाची वाक्यं जुळत होती. चालवणारी कोण, पुढची गाडी कोणाची, यंत्र कशावर ओरडलं. सगळं जागच्या जागी बसत होतं. अर्पिताला खोटं सांगण्यात आलं होतं आणि तिनं ते खरं मानलं. हेही वाक्य तयार होतं.

"एवढंच?" साबळेंनी विचारलं.

अर्पितानं दाराकडं पाहिलं. दारातला महेमूद एक पाऊल आत आला होता.

"नाही," ती म्हणाली. "अजून एक लिहा. मॅडमना वाटतंय मला माहीत नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा मी काचेतून मागं पाहिलं. त्यांचा हात हलत होता."

पेन थांबलं.

"लिहा ना," ती म्हणाली. "मी पाहिला होता."